जुन्या मोटारीचे मोल आणि विक्रेत्याची पारख

सेवानिवृत्तीची तारीख जवळ येऊन क्वार्टर सोडण्याची वेळ झाली, की भिलाईतील एखाद्या सेक्टरमधून जुनी ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी विक्रीस निघते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याबरोबर येथे स्थिरावलेल्या पिढीने ही वाहने नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवली होती. त्या टंचाईच्या काळात हाती आलेली गाडी लगेच विकली, तरी कंपनीच्या भावापेक्षा अधिक रक्कम येत असे. मालकांच्या मनात ती आठवण अद्याप ताजी आहे आणि आज सांगितल्या जाणाऱ्या किमतींत तिचा वाटा बराच असतो.

ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. या घटनांचा दाखला देत ‘अशी गाडी आता मिळणे नाही’ असे सांगितले जाते. हे अर्धसत्य होय. दोन्ही गाड्या अनेक दशके मोठ्या संख्येने तयार होत होत्या. दुर्मीळ आहे ती पहिल्याच मालकाकडे राहिलेली, मूळ इंजिनाची, सर्व कागदपत्रे जपलेली गाडी. तिचा रंग विटलेला असला तरी तिच्यासाठी चार पैसे अधिक मोजणे योग्य ठरते. विक्रीच्या तोंडावर रंगवलेल्या चकचकीत गाडीचा मात्र संशय घ्यावा, कारण रंगाखाली लांबी भरलेली असू शकते आणि पोलादनगरीतही पत्रा गंजतोच. खिशात लहानसे चुंबक न्यावे. जाड लांबीवर ते धरत नाही. पायाखालची मॅटिंग उचलून तळ पाहावा, दारांखालच्या पट्ट्या दाबून पाहाव्यात. इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करण्यास सांगावे. ग्राहक येण्यापूर्वीच ते तापवून ठेवणारा विक्रेता आपल्याविषयी बरेच काही सांगून जातो.

इंजिन आणि चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक ॲम्बॅसडरांचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन पुढे काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवले गेले. अशी गाडी चालेल उत्तम, परंतु तिला ‘ओरिजिनल’ म्हणून भाव देण्याचे कारण नाही. ‘व्हिंटेज’ या शब्दाचेही तसेच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपातील वाहनच त्या श्रेणीत येते. १९८२ ची पद्मिनी २०३२ पूर्वी व्हिंटेज ठरणार नाही. शिवाय त्या श्रेणीतील गाडी रोजच्या वापरास चालत नाही, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

विमापत्रावरील रक्कमही बाजारभावाचा पुरावा नव्हे. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते.

विक्रेत्याची पारख याहून कठीण आहे. बोलण्यातील गोडव्यापेक्षा नोंदणी पुस्तकावरील नाव महत्त्वाचे. ते दिवंगत वडिलांचे असेल, तर वारसाच्या नावे हस्तांतरण प्रथम व्हावयास हवे. जुन्या कर्जाचा बोजा पुस्तकावर तसाच असेल, तर कर्ज कधीच फिटले असले तरी बँकेचे ना-हरकत पत्र लागते. १ नोव्हेंबर २००० पूर्वीच्या गाडीवर मध्य प्रदेशचा क्रमांक दिसला, तर त्यात वावगे काही नाही. मात्र ‘नाव नंतर बदलू’ हे वाक्य दोघांनाही घातक आहे. नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याचप्रमाणे २ लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्यास मंजूर नाही, म्हणून रोखीचा आग्रह धरणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

गाडीतील दोष न विचारता सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याशी फार घासाघीस करू नये.

फसवणूक मात्र नेहमी खरेदीदाराचीच होते असे नाही. पतीच्या पश्चात गाडी विकू पाहणाऱ्या वृद्धेकडे दलाल येतो, भंगाराचा भाव सांगतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागतो. अशा वेळी गाडीतल्या जाणकाराला दाखवून आणखी दोघा-तिघांकडून किंमत येईपर्यंत तिने कोणत्याही कागदावर सही करू नये.