तोंडाला काय लावावे?

आमच्या लहानपणी इंदापूरच्या घरी दसरा उलटला की आई काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद असे जिन्नस आणवी, उन्हात वाळवी आणि खलबत्ता आम्हां पोरांपुढे सरकवी. उटण्यात काय पडले हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे, कारण कुटणारा तोच! आता आम्ही बारामतीकर झालो. उटणे चकचकीत पुडीतून येते आणि पुडीवरची अक्षरे वाचायला मला चष्म्यावर चष्मा लागतो.

हे आठवायचे कारण परवा आलेला एक फोन. "सर, जरा पार्लरवर येता का? एक वाचून घ्यायचं होतं." ही माझी जुनी विद्यार्थिनी. इंदापुरात दोन खुर्च्यांचे ब्यूटी पार्लर चालवते. मराठीच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींना पडला आणि त्यांनी तो मनात ठेवला नाही. शेवटी त्या स्वतःच बरोबर आल्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

तिथे एक विक्रेते गृहस्थ टेबलावर बाटल्यांची आरास मांडून बसले होते. पूर्ण संच घेतला तर दोन दिवसांचे शिक्षण फुकट, वर भिंतीवर लावायला चौकटीतले प्रमाणपत्र. दिवाळी आणि त्यामागोमाग लग्नसराई. बचतगटाचे कर्ज तिने याच मोसमावर काढलेले. "सर, तुम्ही आमचे निबंध स्वल्पविरामासकट वाचायचात. या डब्या तशाच वाचा," ती म्हणाली.

तिच्या या सावधपणामागे एक जुना घाव आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी कुणा फिरत्या माणसाकडून तिने बिननावाच्या पांढऱ्या डबीतले क्रीम घेतले होते. आठ दिवसांत चेहरे उजळले, गिऱ्हाइके खूश. तिच्या मामेबहिणीनेही लग्नाआधी दोन महिने ते लावले आणि मग सोडले. सोडताच चेहरा लालभडक, उन्हात पाऊल टाकवेना. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, यात स्टेरॉइड असणार. हळदीच्या दिवशी ती मुलगी ओढणीआड बसून होती. अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे सरकारने २०१८ साली ठरवले खरे, पण बिननावाच्या डबीला चिठ्ठी कोण विचारणार?

आणि हे तर थोडक्यात निभावले म्हणायचे. अकोल्याची हकिगत काहींनी वाचली असेल. एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडे २०२२ च्या सुमारास बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता बोट गेले ते स्थानिक ब्यूटीशियनकडून घेतलेल्या क्रीमकडे. त्यात पारा होता, मर्यादेच्या कितीतरी पट. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. १५ जणांत त्याचा एक विशिष्ट प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावणारे होते. पारा त्वचेला तिचा रंग बनवू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो तिथेच थांबत नाही, रक्तात उतरतो. आपल्या कायद्याने अनवधानाने राहिलेला पारा दहा लाख भागांत एक भाग इतकाच चालतो. डोळ्यांना तो दिसत नाही. मात्र डबीवर 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना दिसली, तर ती डबी तिथेच ठेवावी. दागिन्याला जे सोसवत नाही ते गालाला कसे सोसावे?

तर मी वाचायला बसलो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे वेष्टणावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवी. माल परदेशी असेल तर नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचा पत्ताही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही लिहिले तरी चालतात, आणि सगळी गंमत याच शेपटात असते! एका डबीवर केशराचे चित्र होते ऐसपैस. यादीत केशर सापडले ते सुगंधद्रव्याच्याही खाली. जाहिरातीचा नायक यादीत भालदार निघाला.

मग तिने स्वतःची वही काढली. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून मीच तिला सामू मोजायच्या कागदी पट्ट्या आणून दिल्या होत्या. त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, साबणाचा ९-१०. फेसवॉशचा थेंब पट्टीवर टाकला की तो नावापुरता सौम्य आहे की खरा, हे मिनिटात कळते. ग्लायकोलिक आम्लाच्या 'पील'पाशी ती अधिक कडक झाली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९८ सालीच पार्लरसाठी ३० टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली होती. सामू ३ च्या खाली नको, काम झाल्यावर नीट धुणे हवे, हात शिकलेला हवा आणि रोज उन्हापासून जपणूक हवी. आता आमच्याकडची ऊन टाळण्याची सोय पाहा. हिच्या निम्म्या गिऱ्हाइकांची डाळिंबाची बाग नाही तर ऊस. सकाळी पील, दुपारी बांधावर. आपल्या सावळ्या त्वचेला जरा पोळले की डाग काळा पडतो आणि महिनोन्महिने हटत नाही. तिने ती बाटली बाजूला सारली.

राहिलेल्यांचा हिशेब तिने डबीच्या किमतीवर नाही, एका फेशियलला किती ग्रॅम लागते त्यावर मांडला. उघडल्यावर डबी किती महिने टिकते हे विचारले. दोन खुर्च्यांच्या पार्लरला मोठा डबा स्वस्त पडतो असे वाटते खरे, पण अर्धा नासतो. आणि नवे काहीही आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबायचे, मग तीन आठवडे स्वतःच्याच चेहऱ्यावर.

"तीन आठवडे? मॅडम, दिवाळी निघून जाईल!" गृहस्थ म्हणाले.

"जाऊ दे. या बॅचचा तपासणी अहवाल पाठवा, पारा आणि शिसे तपासलेला."

"एवढं कुणी विचारत नाही हो."

"मी विचारते ना."

त्यांनी बाटल्या पिशवीत भरल्या, अहवाल पाठवतो म्हणाले, गेले. तिने फक्त एक फेसवॉश आणि एक सनस्क्रीन ठेवून घेतले. जुन्या दोन गिऱ्हाइकांनी समोरच्या पार्लरमध्ये जाऊन 'इन्स्टंट ग्लो' करून घेतल्याचे तिने मला हसत सांगितले, पण हप्त्याची तारीख सांगताना ती हसली नाही. परतताना गाडीत सौभाग्यवतींनी पर्समधली आपली डबी काढली आणि न बोलता माझ्यापुढे धरली. भिगवण येईपर्यंत मी वाचत होतो. परवाना क्रमांक सापडला, मुदत मार्चमध्येच संपलेली. अहवाल अजून आलेला नाही.