स्मृतिनिधी कशासाठी?

गणिताचे एखादे नामवंत शिक्षक गेले की शोकसभेतच त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करण्याची सूचना येते. माजी विद्यार्थी वर्गणी काढतात, रक्कम मुदत ठेवीत जाते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस मिळू लागते. यामागची कृतज्ञता खरी असते, तिचा आम्हाला आदरच आहे. पण या पद्धतीत गुरूचे नाव राहते आणि विद्या मात्र बाजूला पडते. सर भूमिती कशी उलगडत, कोणती उदाहरणे मुद्दाम निवडत, मुले कुठे अडतात हे त्यांनी कसे हेरले होते, याची बक्षीस घेणाऱ्या मुलाला कल्पनाही नसते. स्मृतिनिधीतला पहिला पैसा गुरूचे काम अभ्यासण्यावर आणि पुढे नेण्यावर खर्च व्हावा, असे आमचे मत आहे. बुऱ्हाणपूर आणि खानदेश-निमाडच्या गणित शिक्षकांना यासाठी आधार शोधायला दूर जावे लागत नाही.

बुऱ्हाणपूर ज्या खानदेशाची राजधानी होते, त्याच खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचा संबंध गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनाशी आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये लिहिला. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने इ. स. १२०७ च्या सुमारास त्या मठाला उत्पन्न नेमून दिले. लेख संस्कृतात असला तरी उत्पन्नाची कलमे तेव्हाच्या मराठीत आहेत. बाजारात ग्राहकाकडून राजाला जे येणे होते ते मठाला दिले, विकणाऱ्यांकडून ब्राह्मणांना मिळणारा हक्क ब्राह्मणांनी सोडला, नगराने दामाचा विसावा भाग दिला. ग्राहकाकडून पाच पोफळी आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, इतके बारकावे त्यात नोंदले आहेत.

या कलमांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे दान कोणत्या अध्ययनासाठी आहे ते ठरलेले होते. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या आकडेमोड करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मठाला एकरकमी ठेव न देता चालू व्यवहारातला हिस्सा दिला होता. पाच लाखांच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला ३०,००० रुपये व्याज येते. ते सगळे वाटून टाकले आणि भावही दरसाल सहा टक्क्यांनी चढत गेले, तर बारा वर्षांत त्या तीस हजारांची किंमत निम्म्यावर येते. पळीभर तेल मात्र पळीभरच राहते आणि बाजार वाढला की त्यातला हिस्साही वाढतो. आपले कित्येक स्मृतिनिधी काही वर्षांत केवळ प्रमाणपत्रापुरते उरतात, त्याचे कारण या साध्या हिशेबात आहे.

यावर कोणी म्हणेल, तो मठ तरी आज कुठे आहे? मठ उरला नाही, हे खरेच आहे. पण ज्या ग्रंथांसाठी तो काढला गेला त्यांचे अध्ययन थांबले नाही. गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली. हाच फैजी पुढे अकबराचा वकील म्हणून खानदेशचा शासक राजे अलीखान याच्याकडे बुऱ्हाणपूरला आला. पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीला गेलेल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. बुऱ्हाणपूरचा कारभार ज्याने दीर्घकाळ पाहिला त्या अब्दुर्रहीम खानखानाची पत्रिका त्यांनी आपल्या दुसऱ्या एका टीकेत उदाहरण म्हणून मांडली आहे. या सगळ्याचे श्रेय एका मठाला देता येणार नाही. पण भास्कराचार्य आज आपल्याला माहीत आहेत ते त्यांचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकले-शिकवले गेले म्हणून, एवढे तरी यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. गरजू मुलाची फी भरण्याऐवजी कागदपत्रांवर पैसा घालवणे योग्य आहे का? फी भरलीच पाहिजे. मात्र पहिल्या क्रमांकाला एकदा पाकीट देण्यापेक्षा शिकण्याची ओढ असलेल्या गरजू विद्यार्थ्याला वर्षभर दरमहा मदत द्यावी, आणि त्याने सरांची एखादी वही नीट उतरवून, तपासून, त्यातली उदाहरणे धाकट्या मुलांना शिकवावीत. यात मदत आणि अध्ययन दोन्ही साधते. आमचे सर काही भास्कराचार्य नव्हते, असेही कोणी म्हणेल. पण चाळीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाच्या टिपणांत, त्याने स्वतः रचलेल्या प्रश्नांत, मुलांच्या नेहमीच्या चुकांच्या नोंदींत जे असते ते छापील पाठ्यपुस्तकात नसते. ते रद्दीत गेले तर पुन्हा मिळवता येत नाही.

आज राजा नाही, पण नगर आहे. पाटणच्या लेखातही राजाबरोबर ब्राह्मण, ग्राहक आणि घाणेवाले होते. बुऱ्हाणपुरात यंत्रमाग आहेत, केळीचा मोठा व्यापार आहे आणि त्यातले अनेक जण याच शिक्षकांच्या हाताखाली शिकले आहेत. केळीच्या दर गाडीमागे, कापडाच्या दर गठ्ठ्यामागे स्वेच्छेने ठरवलेला लहानसा हिस्सा निधीला मिळणे अशक्य नाही. नाव आणि अध्ययन एकत्र ठेवल्याचे अलीकडचे उदाहरणही आहे. उज्जैनला जन्मलेल्या, ग्वाल्हेरला वाढलेल्या गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात गणितासाठी संस्था काढली आणि तिला भास्कराचार्यांचे नाव दिले. तिथे आजही गणित शिकले जाते. म्हणून निधीची घटना लिहिणाऱ्यांना आमची विनंती आहे की तीन कलमे आधी लिहा: सरांचे कोणते काम शिकले जाईल, ते दरवर्षी कोण शिकवील आणि त्याला चालू उत्पन्नाचा कोणता हिस्सा मिळेल. बक्षीस समारंभाचे कलम त्यानंतर लिहिता येईल.