अंगात येणे आणि मनाचा आजार

नवरात्रात घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आरतीच्या वेळी एखाद्या बाईच्या अंगात येते. ओटी भरली जाते, घटकाभराने ती शांत होते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामाला जाते. तिला मनोरुग्ण ठरविण्याचे कारण नाही. धार्मिक गट वा श्रद्धा यांवरून मनोविकार ठरवू नये, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो.

परंतु त्याच चाळीतला तरुण रात्रीच्या रात्री जागतो, अन्नात विष आहे म्हणून ताट सारतो, देवीचा आवाज त्याला जीव द्यावयास सांगतो, तेव्हा काय? ऐकू काय आले यावरून उलगडा होत नाही. झोप, अन्न, कामधंदा यांचे काय झाले ते पाहावे लागते.

मेहेरबाबांनी 1936 साली राहुरीस वेड्यांसाठी आश्रम काढला. ईश्वरप्रेमात बुडालेले ‘मस्त’ आणि निव्वळ वेडे यांत ते भेद करीत, डॉ. विल्यम डॉन्किन यांनी 1948 साली या मस्तांवर ग्रंथच लिहिला. तो निवाडा मात्र गुरूच्या दृष्टीवर सोपविलेला होता. भांडुपच्या कुटुंबाला ती सोय नाही!

भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, हे योग्यच झाले. पण नुसता अंगारा लावून महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या घराला कायदा काय सांगणार? उपचार लांबले की असा आजार अधिक हट्टी होतो. तेथे पुजाऱ्यानेच ‘अंगारा राहू द्या, डॉक्टरांनाही दाखवा’ म्हटले, तर ते घर ऐकेल.