लाल दिवा, सायकल आणि आपले ‘लेफ्ट फ्री’

पॅरिस किंवा ब्रुसेल्सला मुला-नातवंडांकडे जाऊन आलेल्या आपल्या सभासदांनी तिथल्या सिग्नलच्या खांबावर एक छोटी पाटी पाहिली असेल. उलटा त्रिकोण, लाल कड, आत पिवळी सायकल आणि उजवीकडे वळणारा बाण. अर्थ असा की दिवा लाल असला तरी सायकलवाल्याला उजवीकडे वळता येईल. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे त्यांचे उजवे वळण म्हणजे आपले डावे वळण. समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागत नाही.

पहिल्यांदा ऐकताना आपल्याला हे खटकते. लाल म्हणजे लाल, त्यात सवलत कसली? पण ही सवलत सरसकट नाही. फ्रान्सने २०१० साली नियमात तशी तरतूद केली, पॅरिसने २०१२ मध्ये मोजक्या चौकांत प्रयोग केला आणि २०१५ मध्ये तो वाढवला. नेदरलँड्समध्ये अशा पाट्या त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. जर्मनीने २०२० मध्ये सायकलींसाठी वेगळा हिरवा बाण आणला, तर स्वित्झर्लंडने २०२१ च्या १ जानेवारीपासून ही मुभा दिली. सगळीकडे अट एकच: जिथे पाटी आहे तिथेच. पाटी नसेल तर सायकलवालाही दंडाला पात्र.

ही मुभा देण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले सुरक्षेचे. सिग्नलला ट्रकच्या शेजारी उभा असलेला सायकलवाला चालकाला आरशात दिसतोच असे नाही. हिरवा लागताच दोघे एकाच वेळी निघतात, ट्रक वळतो आणि सायकल चाकाखाली येते. सायकल आधीच निघून गेली तर हा धोका टळतो. दुसरे कारण श्रमाचे. मोटारीला थांबून पुन्हा निघायला पेडल दाबले की झाले. सायकलवाल्याला दर वेळी पायाचा जोर लावावा लागतो.

पण खरी मेख पुढे आहे. फ्रान्समधली पाटी त्रिकोणी आहे, आणि तो त्रिकोण ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ असे सांगतो. रस्ता ओलांडणारा पादचारी आणि हिरव्या दिव्यावर येणारे वाहन यांचा हक्क पहिला. जर्मनीत तर बाण असला तरी रेषेपाशी पूर्ण थांबावे लागते, मगच वळायचे. तरीही आक्षेप आहेतच. ज्यांना दिसत नाही त्यांना सायकलचा आवाज येत नाही, आणि लाल दिव्याच्या भरवशावर ते पाऊल टाकतात. हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच प्रत्येक चौक स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत इंधन वाचावे म्हणून तिथे लाल दिव्यावर उजवे वळण मोटारींनाच मोकळे झाले. न्यूयॉर्क शहराने मात्र ते, खास पाटी असेल तेवढे ठिकाण सोडून, बंदच ठेवले. म्हणजे युरोपने मुभा दिली ती हलक्या वाहनाला, अमेरिकेने दिली जड वाहनाला. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आता आपल्या इंदूरकडे पाहू. नियमाने लाल दिव्यावर डावीकडे वळता येते ते तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच. प्रत्यक्षात ‘लेफ्ट फ्री’ हा आपण जन्मसिद्ध हक्क मानतो. डावी बाजू अडवून कुणी थांबला की मागून हॉर्नचा भडिमार सुरू. बस, मोटार, रिक्षा, दुचाकी सगळे न थांबता वळतात, आणि त्या वळणावर झेब्रा पट्ट्यांपाशी ताटकळतात ती पाठीवर दप्तर घेतलेली पोरे आणि भाजीची पिशवी सांभाळणारे आपल्यासारखे ज्येष्ठ. पलासिया चौराह्यावर संध्याकाळी पायी रस्ता ओलांडून पाहा. हिरवा माणूस दिसतो, पण वळणाऱ्या गाड्या काही थांबत नाहीत.

म्हणजे युरोपातली सवलत आपल्याकडे सगळ्यांनी आधीच घेतली आहे. राहिली आहे ती फक्त अट. आम्ही आयुष्यभर बँकेत कर्जे मंजूर केली. अटी न पाळता रक्कम उचलली गेली तर ते खाते पुढे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

सायकलींना वेगळी मुभा द्या, अशी मागणी आज आम्ही करणार नाही. डावे वळण पादचाऱ्यासाठी सुरक्षित झाल्याशिवाय तिला अर्थ नाही. मागणी साधी आहे: जिथे डावे वळण मोकळे ठेवले आहे तिथे ‘आधी पादचारी’ अशी ठळक पाटी, स्पष्ट झेब्रा पट्टे आणि वळणावर वेग कमी करणारा उंचवटा असावा. शाळा आणि दवाखान्याजवळच्या चौराह्यांवर ‘लेफ्ट फ्री’ नसावेच.

सभासदांनी आपापल्या भागातल्या अशा चौराह्यांची नावे आणि अडचणीची वेळ मंडळाच्या कार्यालयात लिहून द्यावी. एकत्र यादी करून महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना निवेदन देता येईल. आणि तोवर आपली गाडी डावीकडे वळवताना आपण स्वतः थांबावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा.