न जाळता विकलेली मेणबत्ती

सोया मेणबत्त्या शिकवणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळा नवशिक्यांना सांगतात: मेण वितळवा, सुगंध घाला, काचेच्या ग्लासात ओता आणि उद्यापासून विकायला लागा. साहित्य दीडशे रुपयांचे, विक्री चारशेला, म्हणजे घरबसल्या नगामागे अडीचशे नफा. घरातली आणि शेजारपाजारची माणसे मात्र म्हणतात, हा फावल्या वेळचा छंद, यात शिकायचे ते काय? वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण मेणबत्ती बनवणे सोपे आहे, हे दोघांनीही मनाशी धरलेलेच आहे. ते खरे नाही. या गैरसमजाचा भुर्दंड पदरचे पैसे घालून धंद्यात उतरणाऱ्या बायकामुलींना बसतो, म्हणून तो खोडून काढायला हवा.

ओतणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग. कस लागतो तो वातीला. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. किती मेण वर चढेल, हे वातीच्या जाडीवर आणि विणीवर ठरते. 1825 साली फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या संशोधकाने वेणीसारखी गुंफलेली वात आणली. ती जळता जळता वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या कडेला आपोआप जळून जाते. त्याआधी जळलेली वात कात्रीने सारखी छाटत बसावे लागे. आजही वात बारीक पडली तर मेण फक्त मधोमध वितळते, कडेचे तसेच राहते आणि ज्योत खड्ड्यात बुडून विझते. जाड झाली तर ज्योत उंच उठते, काजळी धरते, काच तापते आणि तडकूही शकते. ग्लासाचा व्यास बदलला की वात बदलावी लागते. सुगंधी तेल बदलले तरी तेच, कारण प्रत्येक तेलाने मेणाचा पातळपणा आणि जळणे बदलते. लॅव्हेंडरला जमलेली वात मोगऱ्याला जमेलच असे नाही.

आता दिवसांचा हिशेब मांडू. 200 ग्रॅम मेणाची मेणबत्ती तासाला 5 ग्रॅम जळते असे धरले, तर ती 40 तास चालेल. एका वेळी 4 तासांपेक्षा जास्त जाळायची नाही, म्हणजे 10 बैठका झाल्या. शिवाय ओतल्यानंतर सोया मेण आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावे लागते, तेव्हा कुठे जळताना वास नीट पसरतो. एकाच ग्लासात, एकाच सुगंधाच्या, तीन जाडीच्या वातींच्या तीन मेणबत्त्या शेजारी शेजारी, पण अंतर राखून तपासल्या, तरी महिना सहज जातो. एवढे करून हाती येते फक्त एक जोडणी. बारा सुगंध घेऊन स्टॉल लावणाऱ्या नवशिकीला कोणीतरी हे आधी सांगायला हवे होते. न तपासलेली मेणबत्ती विकणे म्हणजे चाचणी गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या पडद्याजवळ आणि लेकरांजवळ उरकणे. हे मला मान्य नाही.

अडीचशे रुपयांच्या नफ्याचेही तसेच. त्या हिशेबात चाचणीत जळालेल्या मेणबत्त्या नाहीत, कुरिअरमध्ये फुटलेली काच नाही, स्टॉलचे भाडे, खोकी, गॅस, दुकानदाराचे कमिशन नाही. सर्वांत वाईट म्हणजे बनवणारीची मजुरी नाही. घरच्या बाईच्या वेळेला मोल नसते, हा जुना अन्याय 'घरबसल्या कमाई' या गोड नावाखाली पुन्हा तिच्याच वहीत शिरतो. वहीत पहिली ओळ मजुरीचीच हवी. ती धरून भाव परवडत नसेल तर सुगंध कमी करावेत, ग्लास साधा घ्यावा. मजुरी खोडू नये.

तिसरा दावा शुद्धतेचा. 'संपूर्ण नैसर्गिक, धूरमुक्त, विषमुक्त' असे लेबल लावायला शिकवले जाते. सोया मेण म्हणजे हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले सोयाबीनचे तेल. वनस्पती तूपही हायड्रोजन मिसळूनच घट्ट करतात. अमेरिकेत आयोवा राज्यात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सोया मेण मेणबत्तीसाठी पुढे आले. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण लपवण्यासारखेही नाही. काजळी कुठल्याही ज्योतीला धरू शकते, आणि बहुतेक सुगंधी तेले प्रयोगशाळेतच घडतात. 'लातूरच्या शेतकऱ्याला हातभार' असे म्हणायचे असेल तर आधी गोणीवरचे नाव वाचावे. नावाजलेली अनेक सोया मेणे अमेरिकेत तयार होतात. लातूरच्या बाजार समितीतल्या सोयाबीनशी त्यांचा संबंध नाही.

मग सोया मेण घ्यायचेच कशाला? घरी शिकणाऱ्यासाठी त्याचे गुण खरे आहेत. ते कमी तापमानाला वितळते, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सावकाश तापवता येते आणि सांडले तर गरम पाण्याने व साबणाने निघते. लागणारी हत्यारे थोडी: अचूक वजनकाटा, थर्मामीटर, वही. सगळे वजनावर मोजायचे. 200 ग्रॅम मेणाला 8 टक्के सुगंध म्हणजे 16 ग्रॅम तेल, चमच्याच्या अंदाजाने नव्हे. गॅसवर मेण एकटे सोडायचे नाही आणि पेटलेच तर पाणी न ओतता झाकण ठेवायचे. वर पांढरट बुरशीसारखी नक्षी उठली तर घाबरू नये. ते मेणाचे स्फटिक असतात, जळण्यात त्यांनी काही बिघडत नाही.

घरच्या कारागिराचे बळ आपल्या गावचे हवामान ओळखण्यात आहे. ग्लासात ओतायचे सोया मेण बहुधा 45 ते 50 अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा 45च्या घरात असतो, बंद ट्रकमध्ये त्याहूनही वर जातो. थंड देशात लिहिलेल्या कृतीत याचा विचार नसतो. आपल्या गावच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्वतः मेणबत्ती जाळून पाहिलेल्या माणसाला मात्र हे ठाऊक असते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पार्सल बंद ठेवून गावातच विकणे हा त्याच्यासाठी साधा धंद्याचा नियम ठरतो.

'हा काय धंदा आहे?' म्हणणाऱ्यांनी वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरातली जत्रा पाहावी. तिथे मेणबत्त्या आणि मेणाच्या आकृत्या विकून घरे चालतात. महाबळेश्वरच्या भावेश भाटियांनी दृष्टी गेल्यावर मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ही कला शिकली आणि 1994 साली सुरू केलेल्या 'सनराइज कँडल्स'मधून कितीतरी अंध कारागिरांना काम मिळवून दिले. त्यांचे मेण वेगळे असेल, पण हातात कसब असले की मेणबत्तीवर पोट भरते, याला आणखी पुरावा नको.

दिवाळीच्या प्रदर्शनात उभे राहायचे असेल तर आषाढात वात जाळायला बसले पाहिजे, आणि तेही दोनच सुगंध घेऊन. खोक्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा. वेष्टित वस्तूंच्या 2011च्या नियमांत हे बंधनकारकच आहे. त्याखाली वात 5 मिलिमीटरवर कापण्याची आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की विझवण्याची सूचना आपणहून घालावी. कार्यशाळा घेणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे: शुल्क एका दिवसाचे घेऊ नका. पंधरा दिवसांनी त्याच मुलींना परत बोलवा, त्यांनी ओतलेल्या मेणबत्त्या त्यांच्यासमोर पेटवा आणि पहिल्या चार तासांत काय झाले ते प्रत्येकीच्या वहीत लिहून घ्या.