देखाव्याला टाळ्या, हाताला काय?

देवळाली म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकचा कॅम्प आठवतो. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली. एप्रिल जवळ आला की इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या वस्त्यांवर भीमजयंतीच्या देखाव्याची लगबग सुरू होते. दीक्षाभूमीचा स्तूप, महाडचं चवदार तळं, भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. 2018 च्या बंदीपर्यंत थर्माकोल होता, आता पुठ्ठा, सनबोर्ड, प्लायवूड. वर्गणीतून डीजेला पैसे जातात, फ्लेक्सला जातात. फ्लेक्सवर पंचवीस चेहरे असतात. आठ रात्री जागून स्तूप उभा करणाऱ्या पोराचा चेहरा त्यात नसतो. त्याला चहा, वडापाव आणि टाळ्या.

तो पोरगा जे करतो त्याला सिनेमात स्पेशल इफेक्टचा मॉडेल मेकर म्हणतात. तो पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्याचं शास्त्र आहे. दीक्षाभूमीचा 120 फूट उंचीचा स्तूप साडेसात फुटांत बसवला तर प्रमाण झालं सोळास एक. अशा मॉडेलचा तुकडा पडताना खऱ्यापेक्षा चौपट लवकर खाली येतो आणि डोळ्याला लगेच खोटं कळतं. म्हणून कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 96 चित्रं घेतो. आग आणि पाणी यांना मात्र लहान करता येत नाही, थेंब तेवढाच राहतो, त्यामुळे तिथे मॉडेल मोठंच करावं लागतं. 1954 च्या जपानी ‘गॉडझिला’त राक्षसाने तुडवलेलं टोकियो पंचविसास एक प्रमाणाचं होतं. कॉम्प्युटर आला, हे काम कमी झालं, हे खरंच आहे. पण संपलं नाही. 2017 च्या ‘ब्लेड रनर 2049’ मधल्या शहराच्या इमारती न्यूझीलंडच्या कारागिरांनी हाताने बनवल्या होत्या.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (1890–1954) मूळचे मेस्त्री. वडील सुतारकाम-लोहारकाम करणारे, चित्र आणि शिल्पही घरातच. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी, कुठल्या सावकाराच्या पेढीने नव्हे. रंगवलेल्या पडद्यांपुढे नट उभे करायची रीत मोडून बाबूरावांनी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. 1920 च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला, असं सिनेमाचा इतिहास सांगतो. त्यांच्याच हाताखाली शेख फत्तेलाल तयार झाले, आणि पुढे प्रभातचे सेट फत्तेलालांनी घडवले.

आता कुणी म्हणेल, झालं, म्हणजे पुन्हा हातकाम? बापजाद्यांनी बलुत्यात राबून झालं ते पुरे नाही का? प्रश्न रास्त आहे. 1936 साली बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. जातव्यवस्थेत धंदा माणसाची कुवत पाहून मिळत नाही, आईबापाची जात पाहून मिळतो, आणि तो बुडाला तरी दुसरा धरू दिला जात नाही. वैर हाताशी नाही, त्या सक्तीशी आहे. 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना पाहा. 18 धंदे, आणि अट काय, तर ते कुटुंबात चालत आलेले पारंपरिक हवेत. चांभाराच्या पोराला चपलेसाठी कर्ज घ्या, असं सांगणारी ही योजना आहे तशी राबवायला तमिळनाडूने नकार दिला, तो उगाच नाही.

मॉडेलचं काम याच्या उलट आहे. त्यात सुतार, गवंडी, शिल्पकार, रंगारी, इलेक्ट्रिशियन एकाच टेबलावर येतात आणि गणिताशिवाय पान हलत नाही. कुठल्याही जातीच्या गावकीत हा धंदा लिहिलेला नाही. 1942 साली मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी सरकारला जे निवेदन दिलं, त्यात आपल्या मुलांसाठी तंत्र आणि विज्ञान शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. आपण मात्र पोराला बी.ए. करून एमपीएससीच्या रांगेत बसवतो आणि त्याचे हात जयंतीपुरते वापरतो. याला मीही अपवाद नाही.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जागेवर, कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. मुंबईत जे. जे. मध्ये शिल्पकला आहे. प्रवेशासाठी आधी केलेलं काम दाखवावं लागलं तर आपल्या पोराकडे मोबाईलमधल्या चार अंधाऱ्या फोटोंशिवाय काही नसतं, कारण जयंती झाली की स्तूप उकिरड्यावर जातो.

आणि मुंबईत काम मिळालंच तर कागद मागायचा. सिनेकामगाराला लेखी कराराशिवाय कामावर ठेवू नये, असा कायदा 1981 सालीच झाला. 2020 च्या कामगार संहितेत तो सामावला गेला. तरी तोंडी बोलीवर काम करून घेतात, श्रेयनामावलीत नाव घालत नाहीत. बलुतं याहून वेगळं काय होतं?

पण निर्मात्याकडे कागद मागण्याआधी आपल्या मंडळांनी हिशोब दाखवावा. येत्या 14 एप्रिलच्या खर्चपत्रकात डीजेच्या वर एक ओळ घाला: देखावा, कारागिराचं नाव, मजुरी. फ्लेक्सवरचा एखादा चेहरा कमी करा, तिथे त्याचा फोटो बसेल. आणि स्तूप उकिरड्यावर टाकण्याआधी दिवसाच्या उजेडात, बाजूला माणूस उभा करून, चारही बाजूंनी त्याचे फोटो काढून त्या पोराला द्या.

जय भीम.