आपल्याला ॲटिकस फिंच नको



मागच्या महिन्यात आमच्या विहारातल्या वाचन गटात 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीवर चर्चा झाली. पोरापोरींनी मन लावून वाचली होती. शेवटी एक विद्यार्थी म्हणाला, "आपल्या माणसांनाही असा एक ॲटिकस फिंच मिळायला हवा होता." बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, ते चुकलेच. म्हणून हा लेख.

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळाले. काळ महामंदीचा, प्रांत अलाबामा. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. ॲटिकस हा गोरा वकील त्याची बाजू जीव तोडून मांडतो. तरी गोरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते आणि तुरुंगातून पळताना तो गोळ्यांना बळी पडतो. कादंबरी चांगली आहे, यात वाद नाही. पण तिच्यामागचा इतिहास पाहिला की ॲटिकस फार लहान दिसू लागतो.

२५ मार्च १९३१. मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या बेकार पोरांत मारामारी झाली. पुढच्या स्थानकावर नऊ काळ्या मुलांना धरले. त्याच गाडीत गिरणीत काम करणाऱ्या दोन गरीब गोऱ्या बायका होत्या. त्यांनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावात खटला उभा राहिला, बाहेर जमाव, आत सगळी ज्यूरी गोरी. बचावाला एक जमीन-जुमल्याच्या व्यवहारांचा वकील आणि एक म्हातारा वकील, दोघांनाही तयारीला वेळ मिळाला नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला जबरदस्तीच्या खुणा सापडल्या नव्हत्या. तरी अटकेपासून पंधरवडा व्हायच्या आत आठ जणांना मृत्युदंड झाला. नववा तेरा वर्षांचा होता, त्याच्या शिक्षेवर ज्यूरीचे एकमत झाले नाही.

आता नीट पाहा, ही पोरे वाचली कशी? कुणा एका भल्या गोऱ्याच्या अंतःकरणामुळे नव्हे. कम्युनिस्टांची कायदा संघटना आणि काळ्यांची एनएएसीपी खटल्यात उतरल्या (आपसात भांडतही होत्या, चळवळीचा तो रोग आपल्याला नवा नाही). दोन आरोपींची आई, ॲडा राइट, १९३२ साली युरोपभर सभा घेत फिरली. कादंबरीत टॉमच्या बायकोला किती वाक्ये आहेत, मोजून पाहा.

७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या. मृत्युदंडाच्या खटल्यात वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला खराखुरा वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९३५ साली दुसरा निकाल आला. अलाबामाच्या कायद्यात काळ्यांना ज्यूरीत बसायला कुठे मनाई नव्हती, फक्त अधिकारी त्यांची नावे यादीत घालत नव्हते. पकडले गेल्यावर नावे मागाहून घुसडली. वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांनी ती वहीच न्यायमूर्तींपुढे ठेवली आणि त्यांनी भिंगातून ती तपासली. कागदावर समता, वहीत जात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

लीबोविट्झ गोरेच होते, हे कबूल. न्यायाधीश जेम्स हॉर्टनही गोरे. दोघींपैकी एक बाई १९३३ साली कोर्टात उलटली, काही घडलेच नाही म्हणाली. ज्यूरीने तरी दोषी ठरवले, तेव्हा हॉर्टन यांनी तो निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी निवडणुकीत त्यांचे पद गेले. अशा माणसांचा मान आम्ही राखतो. पण त्यांना लढाईत आणले ते लढणाऱ्यांनी, आणि मागे उरला तो हक्क, उपकार नव्हे. तोही स्वस्तात मिळाला नाही. चौघांवरचे आरोप १९३७ साली मागे घेतले, तोवर सहा वर्षे तुरुंगात गेली होती. बाकीचे आणखी कित्येक वर्षे आत राहिले. शेवटच्या तिघांना माफी मिळाली २०१३ साली, मेल्यावर.

एक योगायोग सांगतो. तो वकिलाच्या हक्काचा निकाल लागला त्याच नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेब बोटीने लंडनला निघाले होते. बोटीवरून त्यांनी ठक्करांना पत्र लिहिले. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणाचा जो संघ निघाला होता, पुढे तो हरिजन सेवक संघ झाला, त्याने काय करावे याबद्दल. व्यक्तीला सद्गुण शिकवत बसू नका, विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर जागा, सार्वजनिक वाहनांचा वापर, या नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे ऐकले गेले नाही. सेवा करणारे हात वर आणि सेवा घेणारे खाली, हीच रचना कायम ठेवायची होती. ॲटिकसची खुर्ची त्याच रचनेतली आहे. हार्पर ली यांचेच 'गो सेट अ वॉचमन' २०१५ साली छापले गेले. त्यातला म्हातारा ॲटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो, तेव्हा वाचकांना धक्का बसला. आम्हाला बसला नाही.

आणखी एक. लेखिकेचे गाव मन्रोव्हिल. तिथे जुन्या कोर्टाच्या इमारतीत दरवर्षी या कादंबरीचे नाटक होते, पर्यटक येतात. त्याच गावात १९८६ साली एका गोऱ्या मुलीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला धरले. त्या वेळी तो घरी होता याचे अनेक काळे साक्षीदार होते. ज्यूरीत अकरा गोरे, एक काळा. ज्यूरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने मृत्युदंड दिला. १९९३ साली तो सुटला. त्याला सोडवणारा वकील ब्रायन स्टीव्हन्सन, स्वतः काळा.

पुढच्या बैठकीत ठक्करांना लिहिलेले ते पत्र वाचायचे ठरले आहे. ज्याने ॲटिकस मागितला होता, वाचन त्याच्याकडेच दिले आहे.